वहिनींच्या माघारी कोंबड्या

वहिनी गेल्याचं ज्या दिवशी गल्लीला कळलं, त्याच दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी कोंबड्यांचा विषय काढला.

माणसं येत होती, बसत होती, उठून जात होती. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. सकाळी वहिनी नेहमीसारख्या उठल्या, मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकून आल्या, "जरा पडते" म्हणाल्या आणि पडल्या त्या पडल्याच. त्यांचे यजमान, खिडकीसाहेब, येणाऱ्या प्रत्येकाला हे एवढंच, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं सांगत होते. हेडमास्तरांनी ते ऐकलं, सुस्कारा टाकला, मागच्या अंगणाकडे नजर टाकली आणि खालच्या आवाजात विचारलं, "आणि आता पुढे काय ठरवलंय?"

"बघू," साहेब म्हणाले. "लेक म्हणते, माझ्याकडे चला. पण मला काही तिकडे करमायचं नाही."

"तुमचं नाही हो," हेडमास्तर म्हणाले. "कोंबड्यांचं."

खिडकीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्यांनी उभी नोकरी तक्रारींच्या खिडकीमागे काढली, म्हणून गल्लीनं त्यांना ही पदवी बहाल केली होती. पाणी कमी येतं, पाणी गढूळ येतं, पाणी भलत्या वेळी येतं, शेजाऱ्याला जास्त येतं, अशा सगळ्या तक्रारी त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या होत्या. त्यातल्या मिटल्या किती, असं विचारू नये. मिटवण्याचं खातं वेगळं होतं. पण दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता. एक म्हणजे ते कुणावर कधी खेकसले नाहीत. दुसरी म्हणजे त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही आणि कुणाला कधी काही दिलं नाही. चहासुद्धा नाही. एकदा कुणीतरी खिडकीच्या फळीवर एक पेरू ठेवून गेलं, तर तो पेरू सुकून काळाठिक्कर पडेपर्यंत तिथेच राहिला. शेवटी शिपायानं साहेबांची लेखी परवानगी मागून तो टाकून दिला.

अशा माणसाच्या घरामागे कोंबड्या कुठून आल्या, तर त्या वहिनींच्या. एक कोंबडा आणि चार कोंबड्या. साहेबांचं त्यांच्याशी नातं सासुरवाडीच्या माणसांशी असतं तसं होतं. समोर आल्या तर ओळख द्यायची, गेल्या तर बरं वाटायचं, मधल्या वेळात त्या काय करतात याची चौकशी करायची नाही.

लेक चार दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, देऊन टाका त्या कुणाला तरी. तुम्हाला स्वतःपुरतं करता येत नाही, त्यांचं कुठे करत बसता?"

"त्यांना स्वयंपाक कुठे लागतो? दाणे टाकले की झालं."

"मग तुम्हीही दाणेच खाणार का?"

"बघू," साहेब म्हणाले. नोकरीत असताना हा शब्द त्यांना फार उपयोगी पडला होता.

खरं सांगायचं तर देऊन टाकाव्यात असंच त्यांनाही वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाडगं घेऊन मागचं दार उघडलं, तशा कोंबड्या धावत आल्या आणि पायरीशी येऊन थबकल्या. साहेबांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या पायांच्या बाजूनं माना लांब करून त्या आत, स्वयंपाकघरात बघू लागल्या. दाणे टाकले तरी आधी एकदा आत बघून घ्यायच्या आणि मग टिपायच्या. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी तिची वाट बघतंय, हे साहेबांच्या लक्षात आलं. मग देऊन टाकण्याचा प्रश्न मिटला. लेकीला मात्र त्यांनी हे कारण सांगितलं नाही. फोनवर म्हणाले, "अंडी मिळतात घरची. बाहेरून आणावी लागत नाहीत."

आता अंड्यांचं असं झालं की, कोंबड्या देत होत्या, साहेब गोळा करत होते, पण खायला मन होईना. तिच्या कोंबड्यांची अंडी, आपण एकटं बसून कशी खायची? आणि टाकून तरी कशी द्यायची? म्हणून ते रोज ती फळीवरच्या मोठ्या डब्यात ठेवत आणि झाकण लावून टाकत. ज्या कागदाचं काय करायचं ते कळत नाही, तो नीट ठेवून द्यायचा, ही जुनी सवय. पण अंडं म्हणजे कागद नव्हे, हे त्यांना सांगणार कोण? नाकानं सांगितलं असतं, पण साहेबांचं नाक जुन्या सर्दीनं त्यांच्याही आधी निवृत्त झालं होतं.

पहिली तक्रार घेऊन हेडमास्तरच आले. दारात उभे राहूनच म्हणाले, "तुमचा कोंबडा आरवतो."

"कोंबडा आहे तो," साहेब म्हणाले.

"पहाटे आरवतो."

"दुपारी आरवला तर चालेल का?"

यात कुचेष्टा नव्हती. तक्रारदाराला नेमकं काय हवंय ते आधी विचारून घ्यायचं, अशी साहेबांची पद्धत होती. हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, पण इतकी वर्षं तो पहाटेच आरवतोय," साहेब म्हणाले. "तुमच्याच डोक्याखाली. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"वहिनींची गोष्ट वेगळी होती," हेडमास्तर म्हणाले आणि जिना चढून गेले.

साहेबांना गहिवरून आलं. मास्तरांसारखा कडक माणूसही तिच्यापायी इतकी वर्षं पहाटेची झोपमोड सोसत होता! अशा माणसाची तक्रार आपण मिटवलीच पाहिजे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तक्रार मिटवण्याचं खातं त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांनी गल्लीत विचारलं. हे करायला नको होतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात कोंबडा पाळला नाही, त्याला कोंबड्याबद्दल सगळं माहीत असतं. कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, "मान वर केल्याशिवाय कोंबड्याला आरवताच येत नाही, साहेब. मान वर करू देऊ नका." न्हावी म्हणाला, "छे छे, मानेचा काय संबंध? उजेड दिसला की त्याला सकाळ कळते. उजेडच दाखवू नका." दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून साहेबांनी दोन्ही सल्ले एकत्र केले. संध्याकाळी कोंबड्याला न्हाणीघरात नेलं, खिडकीला आपला जुना कोट टांगला आणि कोंबड्यावर पत्र्याचं टोपलं पालथं घातलं. टोपल्याखाली मान वर होण्याचा प्रश्नच नव्हता. साहेब समाधानानं झोपले.

त्या न्हाणीघराच्या भिंतीतून हवेचं एक नळकांडं सगळ्या मजल्यांवर जातं, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आणि मान खाली घालूनही कोंबड्याला आरवता येतं, हे सायकलवाल्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पहाटे पत्र्याच्या टोपल्याखालून जी आरोळी उठली, ती नळकांड्यातून वर चढली आणि घरोघरच्या न्हाणीघरांतून एकदमच बाहेर पडली. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या. कोंबडा आपल्याच घरात शिरलाय असं समजून त्या हातात खराटा घेऊन त्याला शोधत राहिल्या. हेडमास्तर त्या वेळी ज्या अवस्थेत बसले होते, ती इथं सांगण्यासारखी नाही. पण आवाज थेट आपल्या खालून आला, असं त्यांनी नंतर चार लोकांत सांगितलं.

दुसरी तक्रार वासाची. ती नर्सबाईंनी फार संकोचून केली. "काका, तुमच्या बाजूनं जरा वास येतो हो. दवाखान्यात दिवसभर, आपलं, रात्रभर वासच असतो. घरी आल्यावर जरा..."

कोंबड्या म्हटल्यावर वास खुराड्याचाच असणार. साहेबांनी खुराडं खरवडलं, धुतलं, फिनेल ओतलं. वास गेला नाही. जास्त फिनेल ओतलं. तरी गेला नाही. मग त्यांनी सगळं अंगण, पायरी आणि बेसावध असलेली एक कोंबडी, सगळं फिनेलनं न्हाऊ घातलं. आता गल्लीत दोन वास येऊ लागले. आधी लोक नुसते नाकाला रुमाल लावत होते, आता डोळ्यांनाही लावू लागले. कोंबड्या शिंकायला लागल्या. अंडी द्यायच्या बंद झाल्या आणि मग एकेक करून पिसं गाळू लागल्या. ती पिसं वाऱ्यानं उडून हेडमास्तरांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर बसू लागली. मास्तर तसेच बाहेर पडत. त्यांच्या पाठीवर पीस आहे, हे सांगण्याची गल्लीत कुणाची हिंमत नव्हती.

त्यानंतर घरमालक आले. समोरच्याच घरात राहायचे, पण भाडेकरूकडे येताना बूट घालून यायचे.

"साहेब, मी घर तुम्हाला दिलंय," ते म्हणाले. "यांना नाही दिलेलं."

"पण त्या आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं की."

"ठाऊक होतं. वहिनींची गोष्ट वेगळी होती."

पुन्हा तेच वाक्य. साहेबांना पुन्हा गहिवरून आलं, पण या वेळी जरा कमी.

"असं करा," घरमालक म्हणाले, "तुम्ही पालिकेची परवानगी आणा, मग मी विचार करतो. महिनाअखेरपर्यंत आणा. तोवर नाही झालं, तर एक तर त्या जातील, नाहीतर मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. घरमालक सभ्य होते. वाक्य अर्धं सोडून जाणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

साहेब पालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीत बसला होता तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून, बदलीवर आलेला. साहेबांना पाहून तो अर्धा उठला. "अरे वा, साहेब! या, या. बसा ना!"

खिडकीच्या बाहेरच्या बाजूला खुर्ची नसते, हे साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते उभे राहूनच बोलले. कारकुनानं फार मन लावून ऐकलं.

"कोंबड्या पाळायची परवानगी मिळते, साहेब. का नाही मिळणार? फक्त घरमालकाची संमती जोडा."

"ते म्हणतात, आधी तुमची परवानगी आणा."

"बरोबर आहे त्यांचं."

"मग आता?"

"मग आधी ती संमती आणा, साहेब," कारकून म्हणाला आणि इतकं गोड हसला की रांगेतल्या मागच्या माणसाला वाटलं, काम झालं वाटतं.

समोरच्याला 'नाही' कधी म्हणायचं नाही, 'आधी ते आणा' म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको. साहेब बाहेर आले. पोरगा शिकवलेलं विसरला नव्हता याचं त्यांना कौतुक वाटलं. पायऱ्या उतरेपर्यंत ते टिकलं. रस्त्यावर आल्यावर राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या पायरीवर बसले होते. समोर निम्म्या उघड्या पडलेल्या कोंबड्या हिंडत होत्या. एवढं होऊनही येता-जाता त्या स्वयंपाकघरात डोकावून जात होत्या. कामावरून परतणाऱ्या नर्सबाई कुंपणाशी थांबल्या.

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"अंड्यांचं काय झालं?"

"कुठल्या अंड्यांचं?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" नर्सबाई कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या. "अहो, काकू दर रविवारी वाटायच्या ना! माझ्याकडे यायची, सायकलवाल्याकडे जायची. घरमालकांच्या आईंना तर आधी. त्यांचे दात गेलेत, त्या अर्धकच्चं उकडलेलं अंडं खातात सकाळी."

"आणि मास्तर? ते तर अंडं खात नाहीत."

"त्यांना खत. एवढे गुलाब त्यांच्या गच्चीत कशावर फुललेत, असं वाटलं तुम्हाला?"

साहेबांनी वरच्या गच्चीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे वहिनींची गोष्ट वेगळी होती, ती ही."

"आम्ही काही मागत नाही हो, काका. मी आपलं विचारलं. मग ती सगळी अंडी गेली कुठे?"

साहेबांनी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. नर्सबाई आत गेल्या. त्यांनी झाकण जेमतेम बोटभर उचललं आणि तसंच दाबून धरलं. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, पण तिचाही चेहरा उतरला. "काका," त्या श्वास न घेता म्हणाल्या, "दारं उघडा. सगळी उघडा." वासाची तक्रार अशी मिटली. डबा अंगणातच खोल पुरला. साहेबांनी खड्डा स्वतः खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

पण ती संध्याकाळ त्यांची फार वाईट गेली. आपण खिडकीत बसून पेरू वाळवला आणि इकडे आपल्याच घरातून, आपल्या नाकासमोर, रविवारच्या रविवारी लाच जात होती! घरमालकाच्या आईपासून सायकलवाल्यापर्यंत! न राहवून त्यांनी लेकीला फोन लावला.

"तुला ठाऊक होतं? तुझी आई गल्लीला अंडी द्यायची."

"हो. मग?"

"मग काय? लाच आहे ती."

"बाबा, त्याला शेजार म्हणतात."

"कोंबड्यांबद्दल कुणी बोलू नये म्हणून द्यायची ती!"

"तुमच्याबद्दलही कुणी बोलत नव्हतं की," लेक म्हणाली. "ते कशामुळे, असं वाटतं तुम्हाला?"

साहेबांनी फोन ठेवला.

दोन दिवस त्यांनी विचार केला. कोंबड्या गेल्या तर सकाळी दार उघडल्यावर आत डोकावणारं कुणी राहणार नव्हतं. कोंबड्या राहायच्या तर अंडी वाटायला हवी होती. अंडी वाटायची तर जन्माची कमाई पाण्यात. शेवटी कार्यालयातला माणूस तो, त्याला वाट सापडलीच. नवीन काही देणं ही लाच. पण आधीपासून चालत आलेली व्यवस्था पुढे चालू ठेवणं याला लाच म्हणता येणार नाही. त्याला कामकाज म्हणतात. साहेबांना हायसं वाटलं.

अडचण एवढीच होती की, व्यवस्था चालू ठेवायला अंडीच नव्हती. पिसं गाळणाऱ्या कोंबड्यांचा अंडी देण्याचा मुळीच विचार दिसत नव्हता. आणि महिनाअखेर तोंडावर आलेली. साहेब पिशवी घेऊन लांबच्या बाजारात गेले, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, आणि दुकानातून अंडी घेऊन आले. घरी येऊन बघतात तो ती पांढरीफटक. वहिनींच्या कोंबड्यांची अंडी चांगली तांबूस असायची. पण आता मागे हटणं नव्हतं. त्यांनी पातेलंभर कडक चहा केला, तो निवू दिला आणि अंडी त्यात बुडवून ठेवली. रंग छान चढला. काहींना जरा जास्त चढला, पण कोंबड्या सगळ्या सारख्या कुठे असतात?

रविवारी सकाळी साहेब निघाले. प्रत्येकाच्या दारात अंडी ठेवायची, घंटी दाबायची आणि दार उघडायच्या आत कोपरा गाठायचा. या वयात ते काम सोपं नव्हतं. हेडमास्तरांच्या दारात त्यांनी खताची पिशवी ठेवली. खत अस्सल होतं. त्यात अंगणभर ओतलेलं फिनेलही तेवढंच अस्सल होतं, हे साहेबांच्या नाकाला कळणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांत मास्तरांच्या गुलाबांनी माना टाकल्या. सायकलवाल्यानं गल्लीत रंग लागलेला हात दाखवत विचारलं, "साहेब, तुमच्या अंड्याचा रंग कसा काय जातो?" नर्सबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते. आणि समोरच्या घरातून निरोप आला की, आईनं बोलावलंय. आत्ता.

घरमालकांची आई कंबरेनं गेली होती. वरच्या खोलीत खिडकीशी पलंगावर बसून असायची. साहेबांनी तिला इतक्या वर्षांत दोन-तीनदाच पाहिलं असेल. पलंगाशेजारी ताटलीत एक अंडं होतं, अर्धं सोललेलं. चांगल्या घरच्या अंड्याला शोभणार नाही असा त्याचा रंग उडाला होता. घरमालक हाताची घडी घालून दाराशी उभे होते.

"हे तुझ्या कोंबडीचं?" म्हातारीनं विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

"या कोंबडीला चहा कोण पाजतं?"

साहेबांचा चेहरा पडला. घरमालक भिंतीकडे बघू लागले.

"ती म्हणायची, आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही," म्हातारी म्हणाली. "बरोबर म्हणायची. येतच नाही तुला. अरे, अंडं काय, माझा मुलगा दुकानातून डझनानं आणतो. मी काय अंड्यासाठी अडले होते?"

"मग?"

"मग काय? ती इथं बसायची. अंडी ठेवायची न् बसायची तासभर. तू काय करतोस? घंटी वाजवून पळतोस. चोरासारखा. मी वरून बघितलं तुला पळताना." इथं म्हातारीला हसू आलं. "चप्पल निसटली तुझी."

साहेब कसनुसे होऊन म्हणाले, "तासभर बसून काय करायची ती?"

"तुझं सांगायची."

"माझं?"

"दुसरं काय होतं तिच्याकडे सांगायला? पेरूचं सांगितलं. मेहुण्याच्या लग्नात तू आहेराच्या पाकिटाची पोचपावती मागितलीस, ते सांगितलं. तुझ्या बहिणी चारही कशा भांडतात, ते सांगितलं. म्हणून तर चार कोंबड्यांना तिनं तुझ्या चार बहिणींची नावं ठेवली होती. थोरली दाण्याला आधी, धाकटी कायम रुसलेली."

हे साहेबांना नवीन होतं. त्यांनी बहिणी एकदा बोटांवर मोजल्या. मग सांभाळून विचारलं, "आणि कोंबड्याला?"

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. घरमालकांनी धावत येऊन तिला पाणी पाजलं.

टोपल्याखाली मान खाली घालून बसलेला कोंबडा साहेबांना आठवला. त्यांनी सावकाश खुर्ची ओढली आणि ते बसले. म्हणजे दर रविवारी ही गल्ली आपल्याला हसत होती. आणि दर सोमवारी हीच माणसं रस्त्यात भेटल्यावर 'काय साहेब' म्हणून प्रेमानं थांबत होती. या दोन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. राग यायला हवा होता, पण तो वेळेवर येईना.

"ती गेली," म्हातारी म्हणाली, आता हसू ओसरलं होतं, "आणि मला तुझं पुढे काय झालं ते कळायचंच बंद झालं. मी इथून फक्त पिसं उडताना बघते. कशी उडतात, का उडतात, कोण सांगणार मला? हा?" तिनं मुलाकडे बोट दाखवलं. "हा दोन शब्द बोलतो. आणि तिसरा अर्धा सोडतो."

"आई, पालिकेची परवानगी असल्याशिवाय..." घरमालक म्हणाले.

"घर कुणाच्या नावावर आहे?"

घरमालकांनी या वेळी पूर्ण वाक्यच सोडलं.

"माझ्या नावावर आहे," म्हातारी साहेबांना म्हणाली. "तू संमती मागितलीस कुणाला? याला. खिडकीत एवढी वर्षं बसून मालक कोण, तेवढं विचारायचं सुचलं नाही? आण तुझा कागद, मी सही करते. पण कोंबड्या राहायच्या तर रविवारी इथं येऊन बसायचं. अंडी असोत, नसोत."

"मला सांगता येत नाही तिच्यासारखं," साहेब म्हणाले.

"मग शिक. आत्ताच सुरू कर. कोंबडा तुझ्या न्हाणीघरात का आरवला?"

साहेबांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे. प्रथम सदर कोंबड्याबाबत वरच्या मजल्यावरून तोंडी तक्रार प्राप्त झाली..."

"असं नव्हे रे! मास्तर काय म्हणाले ते सांग. मास्तरांचा आवाज काढून सांग."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हनुवटी वर केली, डोळे बारीक केले आणि नाकातून म्हणाले, "तुमचा कोंबडा आरवतो."

म्हातारीनं टाळी वाजवली. दाराशी उभे असलेले घरमालक तोंड फिरवून हसले.

आता रविवारी साहेब समोर जातात. हेडमास्तरांना त्यांनी जिना चढून जाऊन फिनेलचं खरं ते सांगितलं. मास्तर आधी चिडले, मग त्यांनीच कुंड्यांची माती बदलायला साहेबांना कामाला लावलं. माती बदलता बदलता त्यांनी कोंबड्याची तक्रार मागे घेतली नाही, पण पुन्हा केलीही नाही. पालिकेचा कारकून सही केलेली संमती पाहून म्हणाला, "छान! आता फक्त घर त्यांच्या नावावर असल्याचा दाखला आणा." साहेब म्हणाले, "आणतो." घाई कुणालाच नव्हती. कोंबड्यांना नवी पिसं फुटताहेत. सकाळी त्या आत डोकावतात, पण हल्ली कधी कधी आधी साहेबांकडेही बघतात. थोरली तर बघतेच.

म्हातारी कंजूष आहे. साहेबांनी गल्लीचं सगळं सांगितलं की बदल्यात ती वहिनींची एकच गोष्ट सांगते, एका रविवारी एकच, आणि मग म्हणते, "आता दमले." मागच्या खेपेला तिनं सांगितलं की, साहेब झोपेत 'पुढचा या' असं म्हणतात आणि वहिनींना त्या शब्दांवरच झोप लागायची. त्याच्या आधी सांगितलं की, साहेब निवृत्त झाले त्या दिवशी वहिनी आनंदानं नव्हे, धास्तीनं रडल्या होत्या. साहेब ऐकतात, मान हलवतात, घरी येतात आणि त्या एका गोष्टीवर आठवडा काढतात.

वहिनी गेल्या त्याच्या आदल्याच रविवारी त्या म्हातारीकडे येऊन तासभर बसल्या होत्या. त्या दिवशी त्या काय म्हणाल्या, हे म्हातारीनं आपण होऊन सांगितलेलं नाही. साहेबांनी ते अजून विचारलेलं नाही.